राष्ट्रपतींची ‘खात्री’ म्हणजे नेमकी कोणाची?

राज्यघटनेच्या अठराव्या भागात, कलम ३५२ पासून ३६० पर्यंत, आणीबाणीच्या तरतुदी आहेत. वाचायला सुरुवात केली की पहिल्याच ओळीत एक साधा, घरगुती शब्द भेटतो: खात्री. देशाची सुरक्षितता धोक्यात आली आहे अशी राष्ट्रपतींची खात्री झाली, तर ते आणीबाणीची उद्घोषणा करू शकतात. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहतं ते असं: राष्ट्रपती भवनातली एक व्यक्ती कागदपत्रं चाळते, विचार करते, तिला पटतं आणि ती सही करते. घटनेला हे चित्र कधीच अभिप्रेत नव्हतं. तरी एकदा जवळपास असंच घडलं. फक्त खात्री पटलेली व्यक्ती राष्ट्रपती भवनात नव्हती, एक, सफदरजंग रोडवर, म्हणजे पंतप्रधान इंदिरा गांधींच्या घरी होती.

आधी घटनेचा अर्थ पाहू, मग त्या रात्रीकडे वळू.

कलम ७४ प्रमाणे राष्ट्रपतींना साहाय्य आणि सल्ला द्यायला पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिपरिषद असते. १९७४ मध्ये शमशेर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी स्पष्ट केलं की घटनेत राष्ट्रपतींच्या खात्रीची भाषा येते तिथे ती त्यांची स्वतःची, वैयक्तिक खात्री समजायची नाही. ती मंत्रिपरिषदेची खात्री असते. दोन वर्षांनी बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हे घटनेतच लिहिलं गेलं: राष्ट्रपती सल्ल्याप्रमाणेच वागतील. पुढे चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने थोडी सवलत दिली. आलेला सल्ला राष्ट्रपती एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. तोच सल्ला पुन्हा आला, तर सही करावीच लागते.

त्यामुळे आणीबाणीत राष्ट्रपतींना किती अधिकार असतात असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, राष्ट्रपतींच्या नावाने ते अधिकार कोण वापरतं, कोणाला विचारून वापरतं आणि किती दिवस? आणीबाणीचा सगळा कायदा या तीन प्रश्नांच्या उत्तरांत आहे.

आता ती रात्र. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची लोकसभेवरची निवड रद्द ठरवली. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालाला सशर्त स्थगिती दिली. २५ तारखेला संध्याकाळी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची प्रचंड सभा झाली. आणि त्याच रात्री पंतप्रधानांचं एक पत्र राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांच्याकडे गेलं.

देशाच्या अंतर्गत सुरक्षिततेला तातडीचा धोका आहे, असं त्या पत्रात होतंच. पण माझ्या मते त्यातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर वेगळाच आहे. त्याचा आशय असा: हा विषय मंत्रिमंडळापुढे नेणं मला आवडलं असतं, पण आज रात्री ते शक्य नाही, म्हणून केंद्र सरकारच्या १९६१ च्या कामकाज नियमांतल्या नियम १२ खाली मी त्या नियमांपासून सूट घेत आहे, उद्या सकाळी पहिलं काम म्हणून मंत्रिमंडळाच्या कानावर घालीन.

हा नियम १२ लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे. कोणता विषय मंत्रिमंडळापुढे यायलाच हवा हे कामकाज नियमांत ठरलेलं असतं. गरज पडली तर पंतप्रधान एखाद्या प्रकरणात हा शिरस्ता बाजूला ठेवू शकतात, एवढंच नियम १२ सांगतो. मुळात ती कारभाराची सोय. एखादी फाइल अडली, मंत्री परगावी असले, तर काम खोळंबू नये म्हणून ठेवलेली. त्या रात्री तिच्या आधाराने देशाचे मूलभूत हक्क बाजूला सारले गेले.

मध्यरात्रीच्या आत सही झाली. सकाळी सहाला मंत्रिमंडळाची बैठक बसली तेव्हा धरपकड सुरू होऊन गेली होती. दिल्लीत बहादूरशहा जफर मार्गावरच्या वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडलेली होती. मंत्र्यांनी मान डोलावली. खात्री व्हायला हवी होती ती मंत्रिपरिषदेची, आणि मंत्रिपरिषदेला बातमी कळली सही झाल्यावर.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात नसते. त्या रात्री देशात आणीबाणी आधीपासूनच लागू होती. बांगलादेश युद्धाच्या वेळी, ३ डिसेंबर १९७१ ला, बाह्य आक्रमणाच्या कारणावरून लावलेली उद्घोषणा मागे घेतलीच नव्हती. त्याआधीची, चीन युद्धाची, २६ ऑक्टोबर १९६२ ला लागली आणि युद्ध महिन्याभरात थांबूनही जानेवारी १९६८ पर्यंत चालू राहिली. कलम ३५२ खाली देशात आजवर तीनदा आणीबाणी लागली, ती या तीन वेळा. लावायला एक रात्र पुरली आणि उठवायला वर्षं लागली, हे तिन्हींच्या बाबतीत थोड्याफार फरकाने खरं आहे.

उद्घोषणा झाली की नेमकं काय बदलतं? पहिला बदल केंद्र आणि राज्यांमधला. राज्यांनी कारभार कसा करावा याबद्दल केंद्र आदेश देऊ शकतं आणि एरवी फक्त राज्यांच्या अखत्यारीत असलेल्या विषयांवरही संसद कायदे करू शकते. महसुलाच्या वाटपातही राष्ट्रपतींच्या आदेशाने फेरफार करता येतो. राज्य सरकारं जागच्या जागी राहतात, पण त्यांचा सुकाणू दिल्लीच्या हातात जातो.

दुसरा बदल लोकसभेचा. पाच वर्षांची मुदत संसदेला एकेका वर्षाने वाढवता येते. १९७१ मध्ये निवडून आलेल्या लोकसभेने ही मुदतवाढ घेतली. म्हणजे सरकारला जाब विचारायचं सर्वांत मोठं साधन, निवडणूक, तीच पुढे ढकलली गेली.

तिसरा बदल तुमच्या-आमच्या दारापर्यंत येणारा. कलम १९ मधली भाषणाची, सभेची, संघटनेची, संचाराची स्वातंत्र्यं निलंबित होतात, हे कलम ३५८ चं काम. आणि कलम ३५९ खाली राष्ट्रपती आदेश काढून सांगू शकतात की अमुक मूलभूत हक्कांसाठी आता न्यायालयात जाता येणार नाही. २७ जून १९७५ ला असा आदेश निघाला. त्यात कलम १४, २१ आणि २२ होती: समानता, जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य, आणि अटकेपासूनचं संरक्षण. खटल्याशिवाय स्थानबद्ध करू देणारा मिसा, म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायदा, १९७१ पासून होताच. आता त्याखाली आत घातलेल्या माणसाला बाहेरून विचारणारं कोणी उरलं नाही. मिसाबंदी हा शब्द मराठीत रुळला तो तेव्हापासून. येरवडा आणि नाशिकचे तुरुंग राजकीय कैद्यांनी भरले. देशभरात एक लाखाहून अधिक लोक मिसा आणि भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध किंवा अटकेत होते, असं पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढे आलं.

यांतल्या काहींनी उच्च न्यायालयांत अर्ज केले आणि अनेक उच्च न्यायालयांनी, त्यात मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठही होतं, ते ऐकून घेण्याची तयारी दाखवली. अटक कायद्याला धरून आहे की नाही एवढं तरी आम्ही पाहू शकतो, अशी त्यांची भूमिका होती. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. हाच तो एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ला खटला.

सुनावणीतला एक प्रसंग मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा थांबतो. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं की कलम २१ मध्ये स्वातंत्र्याबरोबर जिवाचाही उल्लेख आहे. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने निव्वळ वैयक्तिक वैरातून कोणाला मारून टाकलं, तर त्यावर दाद आहे का? डे यांचं उत्तर होतं, आणीबाणी आहे तोवर नाही. सरकारच्या युक्तिवादाचं शेवटचं टोक भर न्यायालयात उघड झालं होतं. तरीही २८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला तो चार विरुद्ध एक असा, सरकारच्या बाजूने. एकटे खन्ना विरोधात राहिले. पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून न्यायमूर्ती बेग यांना सरन्यायाधीश नेमलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला.

बहुमताच्या चौघांत न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड होते. एक्केचाळीस वर्षांनी, २०१७ च्या पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जबलपूरचा निकाल रद्दबातल ठरवला. त्या पीठाचा मुख्य निकाल लिहिणारे धनंजय चंद्रचूड हे त्यांचे चिरंजीव. वडिलांच्या पीठाचा निर्णय गंभीररीत्या सदोष होता, असं त्यांनी त्यात लिहिलं.

सगळीच न्यायालयं तेव्हा वाकली नव्हती, हेही सांगायला हवं. मिनू मसानी यांच्या मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत, सेन्सॉरला सुनावलं की सगळ्या नियतकालिकांना एकाच वाऱ्याच्या दिशेने शिडं फिरवायला लावणं हे तुमचं काम नाही.

धोका आधी कोणाच्या लक्षातच आला नव्हता, असं मात्र म्हणता येत नाही. संविधान सभेत १९४९ मध्ये या कलमांवर चर्चा झाली तेव्हा हरि विष्णू कामत यांनी जीव तोडून विरोध केला होता. हिटलरपूर्व जर्मनीच्या वायमार घटनेतल्या आणीबाणीच्या कलमाचा पुढे काय उपयोग झाला याची त्यांनी आठवण करून दिली, आणि हक्क निलंबित करण्याची तरतूद मंजूर झाली तो दिवस दुःखाचा आणि शरमेचा आहे असं ते सभागृहात म्हणाले. फाळणी नुकतीच झाली होती, संस्थानांचा प्रश्न ताजा होता. सभेला मजबूत केंद्र हवं होतं. त्या भीतीला कारण होतं, मी ती हलकी समजत नाही. पण कामतांची भीतीही सव्वीस वर्षांत खरी ठरली.

मार्च १९७७ च्या निवडणुकीनंतर जनता सरकार आलं आणि १९७८ मध्ये चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. ती वाचताना एकेका ओळीमागे त्या रात्रीतली एकेक गोष्ट दिसते.

१९७५ ची उद्घोषणा ‘अंतर्गत अशांतता’ या कारणावर होती. मोर्चा, संप, मोठी सभा, काहीही त्यात बसवता येत होतं. आता तिथे ‘सशस्त्र उठाव’ असे शब्द आहेत. युद्ध, बाह्य आक्रमण आणि सशस्त्र उठाव ही तीनच कारणं उरली. पत्र एकट्या पंतप्रधानांचं होतं, म्हणून आता मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवल्याशिवाय उद्घोषणा करता येत नाही. यातला बारकावा असा की घटनेत इतरत्र सगळीकडे मंत्रिपरिषद आहे. पंतप्रधान आणि कॅबिनेट दर्जाचे मंत्री एवढ्यांचं ‘मंत्रिमंडळ’ घटनेत येतं ते फक्त या एका कलमात. नियम १२ ची वाट इथे घटनेनेच बंद केली, कारण कामकाजाचा नियम घटनेच्या वर जाऊ शकत नाही.

पूर्वी संसदेच्या मंजुरीला दोन महिने मिळायचे आणि साधं बहुमत चालायचं. आता एका महिन्यात दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते, तीही एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, अशी दुहेरी. दर सहा महिन्यांनी तेच सगळं पुन्हा करावं लागतं. उठवायला मात्र लोकसभेचं साधं बहुमत पुरतं, आणि लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी लेखी सूचना दिली तर चौदा दिवसांत त्यासाठी खास बैठक बोलवावीच लागते. लावणं अवघड, उठवणं सोपं. आधी हे नेमकं उलटं होतं.

हक्कांच्या बाबतीत दोन बदल झाले. सशस्त्र उठावाच्या कारणावरून आणीबाणी लावली तर कलम १९ आपोआप निलंबित होत नाही, त्यासाठी युद्ध किंवा बाह्य आक्रमणच लागतं. आणि कलम २० व २१ कोणत्याही आणीबाणीत, कोणत्याही आदेशाने थांबवता येत नाहीत. खन्नांनी डे यांना विचारलेल्या प्रश्नाला आज घटनेतच उत्तर आहे. रात्री कोणाला उचललं तर सकाळी त्याच्या घरच्यांना बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे पकडलेल्याला न्यायालयापुढे हजर करायला लावण्याचा, अर्ज करता येतो आणि न्यायालयाला तो ऐकावा लागतो. राष्ट्रपतींची खात्री अंतिम आहे, न्यायालयाने तिला हात लावायचा नाही, असं १९७५ मध्ये अडतिसाव्या दुरुस्तीने घातलेलं कलमही गेलं.

इतकी कुलुपं लागली ती फक्त कलम ३५२ ला. आपल्याकडे जास्त वापरलं जातं ते दुसरंच कलम, ३५६. राज्याचा कारभार घटनेप्रमाणे चालवता येत नाही अशी राष्ट्रपतींची खात्री झाली की राष्ट्रपती राजवट लागते. इथेही तोच शब्द. ही तरतूद कागदावरच पडून राहील, अशी आशा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत व्यक्त केली होती. आजवर ती शंभराहून अधिक वेळा वापरली गेली आहे. १९७७ मध्ये जनता सरकारने काँग्रेसची नऊ राज्य सरकारं घालवली, १९८० मध्ये इंदिरा गांधी परत आल्यावर त्यांनीही नऊ घालवली. त्यात महाराष्ट्रातलं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार होतं.

या खात्रीला न्यायालयाने वेसण घातली ती ११ मार्च १९९४ ला, एस. आर. बोम्मई खटल्यात. कर्नाटकचे मुख्यमंत्री बोम्मई यांचं सरकार १९८९ मध्ये बहुमत सिद्ध करायची संधी न देता बरखास्त झालं होतं. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की बहुमत आहे की नाही हे राजभवनात ठरत नाही, विधानसभेत ठरतं. मंत्रिपरिषदेने राष्ट्रपतींना काय सल्ला दिला हे न्यायालय विचारणार नाही, पण ज्या माहितीवर ती खात्री बेतली ती माहिती मागवून पाहील. आणि संसदेची मंजुरी मिळेपर्यंत विधानसभा बरखास्त करायची नाही, फक्त स्थगित ठेवायची. बोम्मई निकालाच्याच आधारावर बिहार विधानसभेचं २००५ मधलं विसर्जन घटनाबाह्य ठरलं. त्यावर राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी मॉस्कोच्या दौऱ्यात असताना रात्री सही केली होती.

राष्ट्रपती स्वतः काय करू शकतात, याचंही उदाहरण याच कलमात सापडतं. के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशाबाबतची आणि १९९८ मध्ये बिहारबाबतची शिफारस परत पाठवली होती. घटनेने दिलेली एकदा परत पाठवण्याची सवलत एवढीशीच, पण वापरली तर सरकारला आपली कारणं पुन्हा तपासावी लागतात. १९७५ मध्ये तशी स्पष्ट तरतूद नव्हती हे खरं. तरी फखरुद्दीन अली अहमद सकाळच्या बैठकीपर्यंत थांबले असते तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

नियम १२ पुन्हा दिसला तो २३ नोव्हेंबर २०१९ ला. महाराष्ट्रात १२ नोव्हेंबरपासून राष्ट्रपती राजवट होती. त्या शनिवारी पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी ती उठवल्याची अधिसूचना निघाली आणि थोड्याच वेळात राजभवनात शपथविधी झाला. मंत्रिमंडळाची बैठक झाली नव्हती, पंतप्रधानांनी नियम १२ वापरला होता. राजवट उठवणं आणि हक्क निलंबित करणं या दोन गोष्टींची तुलना होऊ शकत नाही, आणि इथे कायदाही मोडलेला नाही. कलम ३५६ मध्ये मंत्रिमंडळाच्या लेखी निर्णयाची अटच नाही. पण म्हणूनच ती अट ३५२ मध्ये का घातली आणि इथे का नाही, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

तिसरा प्रकार, कलम ३६० ची आर्थिक आणीबाणी. तिच्यात न्यायाधीशांसह सरकारी पगार कमी करता येतात. ती कधीच लागलेली नाही.

आणि करोना? तेव्हा अनेकांना वाटलं होतं की आता आणीबाणी लागणार. लागू शकत नव्हती, कारण साथीचा रोग हा युद्ध, आक्रमण किंवा सशस्त्र उठाव यांपैकी काहीच नाही. २४ मार्च २०२० ला रात्री आठला घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून देश बंद झाला. त्यासाठी २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा वापरला गेला आणि राज्यांनी १८९७ चा साथरोग कायदा वापरला, जो मुंबई इलाख्यातल्या प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केला होता. रेल्वे थांबल्या, माणसं पायी गावाकडे निघाली, आणि यासाठी राष्ट्रपतींच्या एकाही उद्घोषणेची गरज पडली नाही. संसदेची महिन्याभरातली विशेष बहुमताची मंजुरी, सहा महिन्यांनी नूतनीकरण, यांतलं काही इथे लागत नव्हतं. याच काळात गुजरात सरकारने कारखान्यांत बारा तासांची पाळी आणि जादा कामाला साध्याच दराने मजुरी अशी सूट दिली, कारण दिलं ‘सार्वजनिक आणीबाणी’. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये ती सूट रद्द केली. साथीमुळे आलेली आर्थिक मंदी म्हणजे देशाच्या सुरक्षिततेला धोका नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं.

चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीतलं एक कलम अजून बाकी आहे. या दुरुस्तीचे वेगवेगळे भाग सरकारने अधिसूचना काढून वेगवेगळ्या तारखांना लागू करायचे होते. बहुतेक सगळे १९७९ पर्यंत झाले. राहिलं ते कलम ३. खटला न चालवता स्थानबद्ध केलेल्या माणसाला सल्लागार मंडळाच्या मताशिवाय तीन महिन्यांपर्यंत आत ठेवायची मुभा घटनेचं कलम २२ देतं. ही मुदत दोन महिन्यांवर आणायची, आणि मंडळाचा अध्यक्ष उच्च न्यायालयाचा कार्यरत न्यायाधीशच असायला हवा, असं कलम ३ मध्ये लिहिलं आहे. संसदेने ते मंजूर केलं, राष्ट्रपतींची संमती झाली. ए. के. रॉय खटल्यात हे सर्वोच्च न्यायालयापुढे आलं तेव्हा न्यायालयाने उशिराबद्दल नाराजी व्यक्त केली, पण ते लागू कराच असा आदेश सरकारला देता येणार नाही असं सांगितलं. स्थानबद्धतेचे कायदे चालायला आणीबाणी लागत नाही, ते आजही चालू आहेत. १९७८ नंतर केंद्रात जवळपास सगळ्या मोठ्या पक्षांची सरकारं येऊन गेली. कलम ३ लागू करणारी अधिसूचना अजून निघालेली नाही.